साडेचारचा डबा: सात महिने वापरून झाल्यावर

डबा एकदम साधा आहे. जूनच्या शेवटी नागपूरला इतवारीतल्या एका भांड्याच्या दुकानातून घेतला, स्टीलचा, खाली एक खोल खण, वर बोटभर उंचीची वाटी, बाजूला दोन क्लिपा, ३२० रुपये. त्याच आठवड्यात किचनचा छोटा डिजिटल वजनकाटा पण मागवला. रिव्ह्यू या दोन वस्तूंचा आहे, पण खरा विषय संध्याकाळी ६ ते १० मधलं खाणं, कारण दोन्ही वस्तू त्याच्यासाठीच घेतल्या.

आधी काय चालायचं ते सांगते. माझं ऑफिस सदरला, सहाला सुटते. कस्तुरचंद पार्कवरून मेट्रो, सीताबर्डीला बदलायची आणि सुभाष नगरला उतरायचं. स्टेशनला जातानाच गरम आलुबोंड्याचा घाणा निघत असतो, वरून तर्री, कांदा, सांभार (म्हणजे कोथिंबीर) टाकलेला, दोन खाल्ल्याशिवाय पाय पुढे जायचा नाही. घरी आलं की चहा आणि चहासोबत चिवडा, मग कणिक मळता मळता शेव, जेवण साडेनऊला, आणि जेवण झाल्यावर टीव्हीसमोर पुन्हा काहीतरी गोड, संत्रा बर्फीचा तुकडा नाहीतर बिस्किटं. दिवसभर मी फार कमी खाते असं मला मनापासून वाटायचं आणि ते खरंही होतं, पण ते फक्त सहा वाजेपर्यंत.

एप्रिलमधे तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.२ आली. ५.७ ते ६.४ च्या मधे असली तर प्रीडायबेटीस म्हणतात. माझ्या आईला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, तिच्या पायाची जखम भरायला लागलेले महिने मी जवळून पाहिले, म्हणून तो रिपोर्ट हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते.

पहिला उपाय मी तोच केला जो सगळेच करतात. पाचनंतर काहीच खायचं नाही. नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी घरी कोणी नसताना अख्खं फरसाणाचं पाकीट संपलं आणि त्या रात्री मला रडायला आलं. मग एका कंपनीचे हेल्दी म्हणून विकतात ते स्नॅकचे पुडे मागवले, महिनाभर खाल्ले, नंतर मागची बाजू वाचली तर घटकांच्या यादीत दुसऱ्या नंबरवर साखर. ती यादी वजनाच्या क्रमाने लिहिलेली असते, जे सगळ्यात जास्त ते पहिले. तेव्हापासून पुढची बाजू मी पाहतच नाही.

शेवटी डायटिशियनकडे गेले. त्यांनी संध्याकाळबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, "ताई, सकाळी काय खाता? दुपारच्या डब्यात वरण असते का?" सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, एक वाजता दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. वरण सांडते म्हणून मी नेतच नव्हते. त्या म्हणाल्या, "मग सहा वाजता शरीर दिवसभराची उधारी मागून राहिलं, दुसरं काय. सकाळी पोटभर खा, दुपारी वरण किंवा उसळ न्या आणि भूक लागायच्या आधी, साडेचारला, काहीतरी प्रोटीनचं खा. भूक लागल्यावर नाही, घड्याळात साडेचार वाजले की."

हा "भूक लागायच्या आधी" मला पटायला वेळ लागला. भूक नसताना काहून खायचं? पण सहा वाजता पोट आधीच ओरडत असते, तेव्हा फुटाणे आणि आलुबोंडा समोरासमोर ठेवले तर आलुबोंडाच जिंकणार. साडेचारला दोघांमधे एवढी ओढाताण नसते.

नंतर वाचलं की संध्याकाळी भूक वाढण्यात आपल्या शरीराच्या घड्याळाचाही हात आहे. २०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास आला, त्यात १२ जणांना १३ दिवस मंद उजेडात, बाहेरची वेळ कळू न देता ठेवलं होतं, आणि कधी झोपले कधी खाल्लं हा हिशोब बाजूला काढल्यावरही भूक सकाळी ८ च्या आसपास सगळ्यात कमी आणि रात्री ८ च्या आसपास सगळ्यात जास्त निघाली, त्यातही गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. हे वाचून मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी याला माझ्या मनाचा दुबळेपणा समजत होते.

आता डब्यात काय टिकलं आणि काय नाही. पहिले दोन आठवडे काकडी आणि सफरचंद नेलं, सहा वाजता भूक जशीच्या तशी. मखाणे महाग पडतात आणि मला तरी पोट भरल्यासारखं वाटलं नाही. मग फुटाण्यावर आले, ३० ग्रॅम, त्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन. वजनकाट्याचा खरा उपयोग इथे झाला, कारण मी मूठभर म्हणून जे घेत होते ते ५५ ग्रॅम निघालं. फुटाण्यात चाललं असतं, पण शेंगदाण्यात नाही. शेंगदाणा चांगलाच आहे, १०० ग्रॅममधे २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, पण जवळपास अर्धं तेल, मोजल्याशिवाय घेतला तर दोन मुठीत जेवणाएवढ्या कॅलरी होतात. मी २५ ग्रॅम घेते, सोबत एक पेरू नाहीतर संत्रं.

पावसाळ्यात फुटाणे मऊ पडले. कढईत पाच मिनिटं कोरडे परतले, शेवटी हळद-मिठाच्या पाण्याचा हबका मारला की पुन्हा कुरकुरीत. सोमवार आणि गुरुवारी उकडलेली बरबटी (म्हणजे चवळी), वरून कांदा, टमाटर, निंबू, सांभार, हे माझं सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात जास्त वेळ पोटात राहते. मोड आलेले मूग ऑक्टोबरच्या उन्हात साडेचारपर्यंत आंबले, दोनदा फेकावे लागले, आता वाफवून नेते. डिसेंबर-जानेवारीत तर मजाच, तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडायच्या आणि डबाभर न्यायच्या, सोलून खायला वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत पोटाला कळते की आपण खाऊन राहिलो.

पहिला महिना स्टेशनपर्यंतचा रस्ता कठीणच गेला. गाडीवाल्या दादांनी दोन-तीनदा विचारलं, "ताई, आज काहून नाही?" मी सांगितलं की शुक्रवारी येईन. आणि शुक्रवारी जातेच. एक आलुबोंडा, तर्रीसकट, तिथेच बसून, हळू, फोन बॅगेत ठेवून. हा शुक्रवार काढून टाकला असता तर बाकीचे दिवस टिकले नसते, याची मला पक्की खात्री आहे.

रात्रीचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात डब्याचा काही उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवते. साडेनऊनंतरची ती भूक नसतेच. दिवसभर घरातलं, ऑफिसमधलं सगळं उरकून पहिल्यांदा निवांत बसायला मिळते आणि हाताला काहीतरी पायजे असते. त्याच्यासाठी तीन गोष्टी केल्या. जेवण आठवर आणलं, त्यासाठी भाजी सकाळीच चिरून ठेवते. चिवड्याचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या कपाटात गेला. आणि ज्याला खायचं त्याने वाटीत काढून घ्यायचं, पाकीट घेऊन सोफ्यावर बसायचं नाही, हा नियम सगळ्यांना. सासूबाईंना सुरुवातीला आवडलं नाही, "घरात खायला मोजून द्यायचं का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, मोजायचं नाही, वाटीत घ्यायचं फक्त." आता त्याच नातीला वाटी देतात.

झोपेचा संबंध माझा मीच पाहिला. मुलीच्या परीक्षेत चार रात्री एक वाजेपर्यंत जागले, त्या चारही दिवशी साडेचारचा डबा खाऊनसुद्धा सात वाजता गोड मागत होते. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढते असं डायटिशियननी सांगितलं. म्हणून संध्याकाळचा दुसरा चहा पण बंद केला, तो मात्र खूप जड गेला. आता घरी आल्यावर ताक घेते.

दिवाळीत सगळं मोडलं. दहा दिवस डबा घासून तसाच पडला होता. आधी असं झालं की मी पूर्ण सोडून द्यायची. या वेळी अकराव्या दिवशी बरबटी भिजवली, बस.

डब्याच्या तक्रारी. रबराच्या रिंगला चौथ्या महिन्यात कांद्याचा वास बसला, गरम पाण्यात सोडा टाकून ठेवला तरी पूर्ण गेला नाही, शेवटी रिंग बदलली. डावी क्लिप ढिली आहे, निंबाचं पाणी एकदा बॅगेत सांडलं. वरची वाटी दह्यासाठी लहान पडते. वजनकाट्याचे सेल मात्र अजून तेच आहेत.

आकडे विचाराल तर वजन ७१.४ वरून ६७.८, आणि जानेवारीत साखर ५.८. सगळं श्रेय डब्याला नाही, सुभाष नगरला उतरून मी आता रिक्षा करत नाही, चालत जाते. आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी खाण्याच्या वेळा बदलायच्या आधी डॉक्टरला नक्की विचारा, माझ्या आईला मी हे जसंच्या तसं करू दिलं नाही.

तुरीच्या शेंगा आता संपत आल्या. एप्रिल-मे मधे नागपूरच्या उन्हात बरबटी साडेचारपर्यंत टिकणार नाही, त्यामुळे तेव्हा कोरडंच नेईन, फुटाणे, शेंगदाणे आणि ऑफिसच्या फ्रीजमधे ताकाची बाटली. मागच्या रविवारी तसाच दुसरा डबा घेऊन आले, मुलीच्या ट्यूशनसाठी. यावेळी दुकानातच पाणी भरून, दोन्ही क्लिपा लावून, उलटा करून पाहिला.