‘स्वच्छ’ची घरोघरची कचरा-संकलन सेवा : एक अभिप्राय
पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून पुढे उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कचरावेचकांच्याच मालकीची आहे आणि तिच्या कामात हा फरक पावलोपावली जाणवतो. आमच्याकडे येणाऱ्या ताई ढकलगाडीपाशीच सुका कचरा निवडतात. भंगारविक्रीचे पैसे त्यांचेच असतात. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर ओळखीसाठी लाल ठिपका काढावा, हा संस्थेचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नुसत्या हातांनी ती घाण चिवडण्याची वेळ कोणावरही येऊ नये, ही साधी माणुसकी त्यामागे आहे. सेवा नियमित, शुल्क माफक. ओला-सुका एकत्र करून त्यांच्या हाती देणारे शेजारी अजूनही आहेत, याचा मात्र मनापासून खेद वाटतो.