जुना एक्स-रे द्यावा की थेट चाचणीत उतरावं?

एआयने रोगनिदान करण्याच्या संशोधनाला हातभार लावायचे दोन मार्ग आहेत. एक, फाइलमधला जुना एक्स-रे नाव-पत्ता काढून संशोधकांना देणं. हेलपाटे नाहीत, उपचारांत फरक नाही. पण एकदा एआयच्या प्रशिक्षणात वापरलेली माहिती परत काढून घेणं जवळपास अशक्य. शिवाय जुन्या फिल्मवर हुशार ठरलेली प्रणाली रोजच्या ओपीडीत टिकेल का, हे त्यातून कळत नाही.

ते कळतं दुसऱ्या मार्गाने, म्हणजे रुग्णांच्या सहभागाने होणाऱ्या थेट चाचणीत. स्वीडनमध्ये २०२१ साली सुरू झालेली ‘मसाई’ चाचणी बघा. लाखाहून अधिक स्त्रिया चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या. एका गटाची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, नेहमीप्रमाणे दोन रेडिओलॉजिस्टनी (एक्स-रे तज्ज्ञांनी) पाहिली. दुसऱ्यात एआयने धोका कमी सांगितला तर एकाने, जास्त सांगितला तर दोघांनी. एआयच्या गटात हजारी ५ ऐवजी ६.४ स्त्रियांचा स्तनाचा कर्करोग सापडला आणि फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं.

मला दुसराच मार्ग जास्त मोलाचा वाटतो. मात्र संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन सावकाश वाचा. एआय आणि डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर शेवटचा शब्द कोणाचा, हे सही करण्याआधीच विचारा.