टी ट्री तेल : हत्तीरोगाच्या पायासाठी कितपत कामाचे?

ऑनलाइन मागवलेल्या या छोट्या बाटलीवर ‘शुद्ध टी ट्री तेल’ आणि त्याखाली ‘पायाची जुनी सूज उतरवते’ असे छापले आहे. कापरासारख्या उग्र वासावरून पहिला दावा मान्य करता येईल. दुसरा मात्र चुकीचा आहे. पूर्व विदर्भात हत्तीरोग नवा नाही, आणि आमच्या आत्याचा उजवा पाय कित्येक वर्षांपासून सुजलेला असल्यामुळे हा फरक आम्हाला नीट ठाऊक आहे. क्युलेक्स डासांमार्फत शरीरात शिरलेले जंत लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिका, निकामी करतात, आणि त्यामुळे पायात साचणारा द्रव कोणतेही तेल चोळून उतरत नाही.

मग हे तेल घ्यायचे कशासाठी? अशा पायाच्या बोटांच्या बेचक्यांत ओल राहते, चिखल्या होतात, आणि त्या भेगांतून जंतू शिरले की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो व प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढूनच राहते. म्हणून बेचक्या निर्जंतुक ठेवण्याला खरे महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातील मेलालुका झाडाच्या पानांपासून काढलेल्या या तेलातील टर्पिनेन-४-ऑल हा घटक जंतू व बुरशी मारतो. तरीही चिखल्यांवर १० टक्क्यांचे मलम तपासले गेले तेव्हा खाज आणि खवले कमी झाले, पण बुरशी नाहीशी होण्याच्या बाबतीत ते औषधविरहित मलमापेक्षा सरस ठरले नाही; २५ ते ५० टक्क्यांच्या द्रावणाने अधिक रुग्णांची बुरशी गेली, मात्र काहींच्या त्वचेचा दाह झाला.

आम्ही ९५ भाग खोबरेल तेलात ५ भाग हे तेल मिसळतो. रोज साबण-पाण्याने पाय धुऊन, बेचक्या मऊ सुती कापडाने टिपून कोरड्या केल्यावरच त्याचा अगदी पातळ हात फिरवतो, कारण जाड थर दिला तर ओल आतच कोंडते. वास कमी झाला, आत्याची खाजही कमी झाली. त्यातले श्रेय तेलाला किती आणि साबणाला किती, हे सांगणे कठीण आहे, पण माझे मत साबणाच्या बाजूने आहे.

बाटलीबद्दल तक्रार आहेच. वनस्पतीचे शास्त्रीय नाव नाही, टर्पिनेन-४-ऑलचे प्रमाण नाही, पोटात घेतल्यास विषारी असल्याची सूचना नाही, आणि काच पारदर्शक आहे. उजेड व हवा लागून जुने झालेले हे तेल त्वचेला ॲलर्जी आणते. त्यामुळे गडद काचेची, हे तपशील छापलेली बाटली मिळाली तरच पुन्हा घेईन.