मांडवीतलं ‘हेरिटेज कयाकिंग’: जा, पण भरतीची वेळ विचारून जा

गोव्याला जाऊन बीचवर कमी आणि इकडेतिकडे जास्त भटकणारी आमची जोडी, त्यामुळे यावेळी मांडवी नदीत गाइडसोबत कयाकिंगची ट्रिप बुक केली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण कौतुक आहे तेवढीच तक्रारपण आहे. जाहिरातीत लिहिलं होतं की रिबंदरहून निघून चोडण बेटाच्या खारफुटीच्या कडेने, दिवाडी बेटाला डावीकडे ठेवत, थेट ओल्ड गोव्यापर्यंत जायचं आणि व्हाइसरॉय आर्च, म्हणजे तिथली पोर्तुगीजांची जुनी कमान, नदीतून बघायची. वाचूनच नवरा हरखला, त्याला इतिहास म्हटलं की जेवणपण सुचत नाही.

पणजीहून रिबंदरला जाताना जो लांबलचक सरळ रस्ता लागतो, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, तो खरंतर पूल आहे, 1633-34 मध्ये लिन्यारीस नावाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात बांधलेला, जवळपास सव्वातीन किलोमीटर लांब, आणि आजही त्याच्यावरून बसेस जातात. आपल्याकडचे परवा बांधलेले पूल आठवून घ्या आणि गप्प बसा.

आता तक्रार. सकाळी सातची वेळ दिलेली, आम्ही पावणेसातला हजर, पण दुसरा एक ग्रुप हॉटेलवरून निघालाच नव्हता आणि त्यांच्यासाठी सगळ्यांना थांबवून ठेवलं. निघेस्तोवर आठ वाजले. कुणाला वाटेल तासाभराने काय बिघडतं, सुट्टीवर तर आलोय. पण मांडवी इथे खाडीच आहे, समुद्राची भरती पार वरपर्यंत येते. भरती असेल तर पाणीच तुम्हाला ओल्ड गोव्याकडे ढकलत नेतं आणि मग ओहोटी लागली की तीच आरामात परत आणून सोडते, पूर्वी गलबतं अशीच ये-जा करायची. सातची वेळ त्याच हिशोबाने ठरवली होती हे गाइडनेच नंतर सांगितलं. आमचा तो तास जेटीवर चहा पिण्यात गेला, आणि अर्ध्या वाटेत असताना गाइड पाण्याकडे बघून म्हणाला, “सुकती (म्हणजे ओहोटी) लागली ताई, आता जोर लागणार.” लागला. वल्हं मारतोय मारतोय आणि काठावरचं तेच झाड तिथेच. शेवटी दिवाडीच्या टोकाजवळून त्याने सगळ्यांना मागे वळवलं. म्हणजे ओल्ड गोवा नाही, आर्च नाही, आणि पैसे मात्र पूर्ण ट्रिपचे. ऑफिसात विचारलं तर म्हणे “निसर्गापुढे काय करणार”. अहो, भरतीचं टेबल महिनाभर आधी छापलेलं मिळतं, निसर्गाला कशाला मध्ये घेता?

एवढं होऊनसुद्धा मी ही ट्रिप करा असंच सांगेन, आणि त्याचं कारण तो गाइड. पोरगा चोडणचाच, विशीतला, कोकणी मिसळलेलं मराठी बोलणारा. निघताना त्याने प्रत्येकाचं लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघितलं, ज्यांचं सैल होतं त्यांना परत बांधायला लावलं. (जॅकेटांना वास येतो हे मात्र खरं, धुवा रे कधीतरी.) चोडणची फेरीबोट सुटताना दिसली की सगळ्या कयाक एकत्र जमवायचा, बोट जाऊ द्यायचा, तिच्या लाटा आल्या की नाक लाटेकडे करा म्हणून ओरडायचा आणि मगच नदी पार. आमच्यातलं एक जोडपं रील काढण्याच्या नादात पुढे गेलं तर त्यांना असं झापलं की नंतर दोघं शाळेत असल्यासारखे त्याच्या मागून येत होते.

चोडणच्या बाजूला पोचल्यावर खरी मजा. तिथे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे छोटंसंच. आतल्या ओहोळात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही हे त्याने आधीच बजावलेलं, त्यामुळे आम्ही बाहेरून कडेकडेनेच. पण कयाकला इंजिन नसल्याने आवाज नाही, बगळे अगदी जवळ येईपर्यंत उडत नाहीत. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या झाडाची, मुळं वर आलेली, त्यांनी झाड श्वास घेतं, आणि त्यांच्यामधून ते निवटे, मासे असून चिखलावर टणाटण उड्या मारत फिरणारे. एकाने दुसऱ्याला हुसकावलं, पाठीवरचा पर उभारला, मग पुढच्या परांवर रेटत रेटत आपल्या बिळाशी येऊन बसला, वल्ह्याच्या अंतरावर, आणि ते दोन डोळे डोक्यावर बसवलेले. मी दहा मिनिटं हलले नाही, नवरा बोंबलतोय की आपण मागे पडलोय.

मग गाइडने तिवराचं एक पान दाखवलं, खालच्या बाजूला बारीक पांढरी पूड, आणि म्हणाला जिभेला लावून बघा. मीठ! खारं पाणी पिऊन झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. हे शाळेत वाचलं असेल, पण जिभेवर आल्यावर जे कळतं ते वेगळंच.

इतिहासाच्या बाबतीत मात्र ‘हेरिटेज’ हा शब्द फक्त जाहिरातीपुरता. 1510 ला पोर्तुगीज अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतलं आणि 1843 ला राजधानी ओल्ड गोव्याहून अधिकृतपणे पणजीला आली, एवढ्यावर गाइड संपला. ती कसर नवऱ्याने काढली. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 ला केला, ही सगळी कथा त्याने वल्हं मारायचं सोडून सांगितली (वल्हं मी मारत होते). मग 1683 चं जुवे बेट. ते अजून वर आहे, ट्रिप तिथे जात नाही, पण संभाजी महाराजांनी पळणाऱ्या पोर्तुगीजांमागे घोडा पाण्यात घातला, घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही कथा तर सांगायलाच हवी होती ना. गाइडने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पोहणीला लागला म्हणजे भरती असणार. सुकतीला घोडा चिखलात रुतला असता.” नवऱ्याला इतकी पुस्तकं वाचून हे कधी सुचलं नव्हतं, दिवसभर तेच घोकत होता.

व्हाइसरॉय आर्च शेवटी दुसऱ्या दिवशी रस्त्याने जाऊन बघितली. 1599 ची, वास्को द गामाच्या पणतवाने व्हाइसरॉय असताना बांधलेली, 1954 मध्ये परत उभारलेली. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. तिथूनच पुढे दिवाडीची फेरी सुटते, तर चालत त्या फेरीत चढा आणि मागे वळून बघा, नदीतून आर्च बघायची हौस भागते.

कुणी जाणार असेल तर: सकाळचाच स्लॉट घ्या, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि परत येताना तो बरोब्बर तोंडावर. बुकिंगला “भरती किती वाजता पूर्ण होतेय” एवढं विचारा, समोरचा गडबडला तर दुसरीकडे फोन लावा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मित्राची वेळ तुम्हाला चालेलच असं नाही. पावसाळ्यात अजिबात नाही. पोहता येत नसेल तरी चालतं, मला येत नाही. कपडे बदलायला जेटीवर एकच खोली आणि तिची कडी लागत नाही, बायकांनी हे लक्षात ठेवा.

गाइडला पाचपैकी पाच, कंपनीला अडीच. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले होते, ते अजून आलेले नाहीत.