पोटात दुर्बीण घालताना: टिळकवाडीतल्या एका खानावळवालीचा रिव्ह्यू

बेळगावच्या टिळकवाडीत माझी खानावळ आहे. कॉलेजची पोरं जेवून उठेपर्यंत दुपारचे तीन वाजतात, मग माझं ताट. सकाळपासून पोटात फक्त चहा आणि आमटीची चव बघितलेले चमचे. छातीत जळजळ जुनीच, मेडिकलमधून पँटोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, आणायची आणि कामाला लागायचं. पण यंदा जिना चढताना धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, पन्नाशी उलटलेली, जळजळ जुनी, रक्त कमी, आता गोळ्यांवर ढकलायचं नाही, तोंडातून दुर्बीण घालून पोटात बघायचं, म्हणजे एन्डोस्कोपी.

घरात लगेच सुरू झालं, मिरजेला न्या, कोल्हापूरला न्या. मोठं दुखणं म्हटलं की मिरज, ही आपल्या सीमाभागातली आजोबांच्या काळापासूनची सवय. ऑपरेशन असतं तर मीही गेले असते. पण ही तपासणी पाच-दहा मिनिटांची, आणि बेळगावात ती रोज होते. गावातल्याच एका खाजगी क्लिनिकात नंबर लावला. तिथलं चांगलं-वाईट दोन्ही लिहिते.

आधी वाईट. फोनवरची मुलगी एवढंच म्हणाली, "सकाळी आठला उपाशी या." आता आपल्याकडं एकादशीलासुद्धा चहा चालतो, साबुदाणा चालतो. माझ्या शेजारी निपाणीकडचे एक मामा बसले होते, पहिल्या बसनं आलेले. सिस्टरनं विचारलं तर म्हणाले, "काय बी खाल्लं नाही, निस्ता चा घेतलाय की." दुधाचा चहा म्हणजे पोटात अन्नच. त्यांना दुपारपर्यंत थांबवून ठेवलं. बिचारे शेवटपर्यंत म्हणत होते, फोनवर कोण बोललं नाही ओ. नीट सांगायचं तर असं: घन अन्न आणि दूध-चहा किमान सहा तास आधी बंद, पुष्कळ ठिकाणी आठ तास सांगतात. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला मला सांगितलं होतं. साखरेची गोळी, इन्शुलिन, रक्त पातळ करायची गोळी यांचं मात्र आपल्या मनानं काही करायचं नाही, आधी डॉक्टरला विचारायचं.

दुसरी गोष्ट फोनवर सांगितलीच नाही, ती आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत होती. ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे आधी बंद ठेवायची, नाहीतर पोटातल्या जिवाणूची तपासणी खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. ॲन्टिबायोटिक घेतलं असेल तर महिनाभर थांबावं लागतं. ते दोन आठवडे माझे कसे गेले ते मला माहीत. रात्री उशा रचून बसूनच झोपायचं.

तिसरं, सगळ्यांना आठला बोलवून डॉक्टर आले साडेदहाला. मोठ्या हॉस्पिटलात राऊंड होता म्हणे. असेल. पण मग उपाशी माणसांना दहाचा टाइम द्या की.

संमतीचा फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये. बाजारापुरतं कन्नड मला फर्डं येतं, पण छापील वाचायला येत नाही, आणि वेटिंगमध्ये बसलेल्यातली निम्मीअधिक माणसं माझ्यासारखीच होती. एक पान मराठीत छापायला किती खर्च येतो? सिस्टर मात्र भली. शेजारी बसून तिनं सगळा फॉर्म मराठीत वाचून दाखवला. रक्तस्राव किंवा छिद्र पडणं फार क्वचित होतं, पण लिहून घेतात. दम्याचा त्रास, औषधाची रिॲक्शन, हलणारे दात, कवळी, सगळं विचारलं. कवळीवाल्यांनी घरून डबी आणावी. समोरच्या आजींनी रुमालात गुंडाळलेली आणि नंतर तो रुमाल सगळे शोधत होते.

भूल घ्यायची की नुसता घसा बधिर करायचा फवारा, हे तुमच्यावर असतं. भुलीचे पैसे वेगळे, सोबत माणूस पाहिजेच, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठं सही करायची नाही. माझ्या जावेनं मागं भूल घेतली होती, तिला काही म्हणजे काही आठवत नाही. मला संध्याकाळी पोरांना जेवण घालायचं होतं, म्हणून फवाऱ्यावर भागवलं. दात घासताना सुद्धा ज्याला उमळून येतं त्यानं मात्र पैशाकडं बघू नये, भूलच घ्यावी.

आता चांगलं. माझी नजर कुठंही गेलं तरी आधी मोरीकडं जाते, हा धंद्याचा रोग. आधीच्या माणसाच्या पोटातनं काढलेली नळी दुसऱ्याच्या पोटात घालणार, तर धुणार कशी, हे मी सरळ विचारलं. सिस्टर हसली आणि दार उघडंच ठेवलं. आधी नळी बाहेरून पुसली, मग आतल्या पोकळीतून पाणी ओढलं. मग तारेसारखा लांब ब्रश एका टोकातून घालून दुसऱ्या टोकानं बाहेर काढला, तो धुतला, पुन्हा घातला. त्यानंतर औषधाच्या टबात बुडवून भिंतीवरचं घड्याळ बघितलं, वर काढून पुन्हा पाण्यानं खळखळून धुतली. दोन दुर्बिणी आळीपाळीनं वापरत होते, म्हणून दोन पेशंटच्या मध्ये वेळ जातो. त्या वेळेबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या खानावळीत भांडी अशी धुणारी बाई मिळाली तर मी तिला दुप्पट पगार देईन.

नंबर आल्यावर आधी एक पांढरं, गोडसर औषध प्यायला दिलं, पोटातला फेस मोडायला. मग घशात फवारा. कडूजहर. मिनिटभरात घसा सुजल्यासारखा वाटतो, थुंकी गिळता येत नाही, आणि इथंच माणूस घाबरतो, श्वास अडकला की काय म्हणून. अडकत नाही. श्वासाची वाट वेगळी, ती उघडीच असते. बोटाला चिमटा लावून मशिनवर ऑक्सिजन बघत असतात. डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. दातात प्लॅस्टिकचं कडं, मधे भोक, त्यातून नळी. गालाखाली टॉवेल. लाळ गळते ती गळू द्यायची, गिळायला जायचं नाही. मी बायकी लाजेनं तोंड मिटायला बघत होते, तर सिस्टर म्हणाली, "काकी, असू दे सोडा. नाकानं हळू श्वास घ्या."

नळी काळी, करंगळीएवढी जाड. जिभेमागं आली की डॉक्टर म्हणाले, "नुंगरी, नुंगरी," म्हणजे गिळा. गिळलं. तो एक क्षण वाईट, खोटं कशाला सांगू. दोनतीनदा जोरात उमळून आलं, डोळ्यांतनं पाणी. घशातून खाली उतरल्यावर मात्र दुखत नाही, नुसतं आत काहीतरी फिरतंय असं कळतं. पोट फुगवायला हवा सोडतात, त्यानं मोठे ढेकर येतात. सिस्टरचा हात सगळा वेळ खांद्यावर होता, "अंजब्याड्री (भिऊ नका), झालं, झालं." मान तिरकी करून मी स्क्रीन बघितला. आतलं पोट ओलं, चकचकीत, नवी साडी घडीतून काढल्यासारखं चुण्याचुण्यांचं. खालच्या भागात लाल ठिपके. तिथला कणभर तुकडा चिमट्यानं घेतला, तो घेतलेला मला कळलासुद्धा नाही.

बाहेर बसले. बधिरपणा जाईपर्यंत पाणीही प्यायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकतं. मला तासभर लागला. तुकड्याचा एक कण पिवळ्या औषधाच्या चकतीत टाकला होता. मी बघता बघता पिवळ्याचं गुलाबी झालं. म्हणजे एच. पायलोरी, तोच पोटातला जिवाणू, आहे.

मी म्हटलं, डॉक्टर, घरात सगळे माझ्या संकेश्वरी मिरचीला शिव्या देतायत. ते म्हणाले, तिखटानं जळजळ वाढेल, पण अल्सरचं मूळ बहुतेक वेळा हा जिवाणू, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या. मग त्यांनी बॅरी मार्शलची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातला डॉक्टर, कुणी विश्वास ठेवेना म्हणून 1984 मध्ये त्यानं हे जिवाणू घातलेलं पाणी स्वतःच पिऊन दाखवलं, पोट बिघडवून घेतलं, आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळवलं. पेशंटला समजावून सांगायला डॉक्टर एवढा वेळ देतात, याचे मी वेगळे मार्क देते. घरी येऊन मिरचीची बाजू मी मोठ्या आवाजात मांडली.

माझ्या रिपोर्टमध्ये जठराच्या खालच्या भागात सूज आणि बारीक व्रण निघाले, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग स्वच्छ. चौदा दिवसांचा कोर्स दिला, दोन ॲन्टिबायोटिक आणि ॲसिडिटीची गोळी. त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिननं तोंडाला लोखंडासारखी कडवट चव येते, हे आधी कुणी सांगत नाही. मला मिठाचा अंदाजच येईना. पोरं चार दिवस गप जेवली, पाचव्या दिवशी एकजण म्हणाला, "काकू, आज आमटीत मीठ टाकलंयसा का?" शेवटी भाचीला चव बघायला बसवलं. कोर्स मधेच सोडायचा नाही, जिवाणू मुरतो. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची नाहीतर शौचाची तपासणी करून तो गेला का ते बघतात, आणि त्याआधी पुन्हा दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद. उशा परत काढून ठेवल्यात.

क्लिनिकला पाचातले साडेतीन. अर्धा फोनवरच्या मुलीचा कापला, अर्धा फॉर्मचा, अर्धा साडेदहाचा. बिल फवाऱ्यावरचं बावीसशे, तुकड्याचे लॅबचे वेगळे. लॅबचा रिपोर्ट आणायला संध्याकाळी पाचनंतर जावा, दुपारी शटर अर्धं ओढलेलं असतं आणि आत कोणी ओ देत नाही.