मधेच एक पेटी घुसवायची तर स्प्लाइस की टू-स्प्लाइस्ड?

जावास्क्रिप्टमध्ये ॲरेच्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीच्या, शेवटी टाकायचं असेल तर पुश हे फंक्शन आहेच, खरी पंचाईत मधे घुसवताना होते, त्यासाठी स्प्लाइस (splice) आणि टू-स्प्लाइस्ड (toSpliced) अशी दोन फंक्शन्स आहेत. मी दोन सीझन स्प्लाइस वापरलं, आता टू-स्प्लाइस्डवर आलोय.

देवगडला काकांच्या आंब्याच्या ऑर्डरींसाठी एक छोटं वेबपेज बनवून दिलंय, एका बाजूला टेम्पोत पेट्या कुठल्या क्रमाने चढवायच्या त्याची यादी आणि दुसऱ्या बाजूला हिशोब. लोडिंगच्या यादीला मी ऑर्डरींचाच ॲरे देऊन टाकला, मला वाटलं कॉपी झाली, पण नुसत्या बरोबरच्या चिन्हाने कॉपी होत नाही, नावं दोन आणि ॲरे एकच. मग ठाण्याच्या आत्याची घरची पेटी तिसऱ्या नंबरवर स्प्लाइसने घातली आणि ती हिशोबातही जाऊन बसली. रात्री काका वही घेऊन बसलेले, म्हणाले, "अरे, ही पेटी हिशोबात खयसून इली?" ऐन मे महिना, पहाटे टेम्पो निघायचा, आणि मी तासभर बेरजेचा कोड तपासतोय जिथे चूक नव्हतीच. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

स्प्लाइस मूळ ॲरेच बदलतं, आणि परत देतं ते काढलेले आयटम, म्हणून उत्तर त्याच नावात साठवलंत तर हातात रिकामा ॲरे येतो. टू-स्प्लाइस्ड नवीन ॲरे देतं, मूळ जसाच्या तसा. जागेचा नंबर आणि नवा आयटम यांच्या मधला शून्य (म्हणजे काहीच काढायचं नाही) मात्र दोघांनाही लागतो, तो विसरून थेट ऑर्डरचं ऑब्जेक्ट दिलंत तर काहीच घुसत नाही आणि एररही येत नाही. आणि हो, नव्या ॲरेतही आतली ऑब्जेक्ट्स जुनीच असतात, एखाद्या ऑर्डरचे डझन बदललेत तर ते दोन्हीकडे बदलणार.

मोठ्या ॲरेत लूप लावून हजारो वेळा घुसवायचं असेल तर स्प्लाइस बरं पडेल बहुतेक, कारण टू-स्प्लाइस्ड दरवेळी अख्खा ॲरे कॉपी करतं. आमच्या दोनेकशे ऑर्डरींना मला तरी काही फरक जाणवला नाही.

एक अडचण आहे, टू-स्प्लाइस्ड २०२३ च्या स्टँडर्डमधलं, क्रोम ११० पासून पुढे चालतं. पॅकिंग शेडमधल्या जुन्या फोनवर असं फंक्शनच नाही म्हणून एरर आली, तिथे ॲरेचे दोन स्लाइस, म्हणजे आधीचा आणि नंतरचा तुकडा, घेऊन मधे पेटी ठेवून स्प्रेडच्या तीन टिंबांनी जोडलं, ते २०१५ पासून आहे. वाचायला जरा किचकट आहे, पण फोन बदलेपर्यंत तेच ठेवलंय.