बाई उद्या येते : २२,४९९ रुपयांचा अनुभव

मी जळगावात एका पतसंस्थेच्या काउंटरला बसते. पासबुक भरायला आलेल्या मावश्यांना "ओटीपी कुणाला सांगू नका, पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत" हे दिवसातून दहा वेळा सांगणारी मी. म्हणूनच मी फसले हे लिहायला अडीच महिने लागले. ओटीपी मला कुणी मागितलाच नाही. ऑपरेशननंतर मुलं सांभाळायला बाई मिळावी म्हणून मी माझ्या हाताने, राजीखुशीने, चार वेळा पैसे पाठवले.

आधी ऑपरेशनचं सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. दोन सिझर झाले. धाकटा झाल्यावर पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकले ते परत जुळलेच नाहीत. डॉक्टरी भाषेत डायस्टॅसिस रेक्टाय. व्यायाम केला, पट्टा बांधला. वरची कातडी लोंबायची ती लोंबतच राहिली. लग्नकार्यात "कितवा महिना?" असं दोनदा विचारून झालं. शेवटी नाशिकच्या एका सर्जनकडे टमी टक, म्हणजे सैल कातडी काढून पोट आवळायचं ऑपरेशन, करायचं ठरवलं. हे कॉस्मेटिक, त्यामुळे मेडिक्लेमचा एक रुपया नाही. भिशी उचलली, माझी आरडी मोडली. ऑपरेशन संक्रांतीनंतर ठेवलं, कारण नंतर सहा आठवडे दिवसरात्र घट्ट प्रेशर गारमेंट घालायचं असतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते घालून बसणं म्हणजे कुकरात बसणं.

घरी मात्र कुणाला सांगितलं नाही. ह्यांना माहीत, माझ्या मम्मीला माहीत, बस. सासरी "हर्नियाचं ऑपरेशन" म्हणून सांगितलं. पावणेदोन लाख रुपये पोट चापून घ्यायला घातले म्हटल्यावर काय काय ऐकावं लागलं असतं ते मला पाठ होतं.

सर्जनने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "घरी लहान मूल कोण उचलणार?" धाकटा पावणेदोन वर्षांचा, अकरा किलोचा. सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे त्याला कडेवर घ्यायचं नाही, कॉटवर ठेवायचं नाही, आंघोळीला उचलून न्यायचं नाही. पहिले काही दिवस तर सरळ उभंही राहता येत नाही, कमरेत वाकूनच चालायचं. दोन्ही बाजूंना आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या लटकत असतात आणि त्यात किती पाणी आलं ते मोजून वहीत लिहायचं. मोठी मुलगी पाच वर्षांची, तिला समजावता येतं. धाकट्याला काय सांगणार?

मम्मी शिरपूरहून येणार होती. ऑपरेशनच्या बारा दिवस आधी ती ओट्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. सासूबाई अमळनेरकडच्या आमच्या गावाहून महिनाभर यायला तयार होत्या. मीच नको म्हटलं. हर्नियाचा टाका एवढासा, माझा एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत. ड्रेसिंग बघितलं की सगळं उघडं पडलं असतं. गल्लीत, ऑफिसात कुणाला बाई बघायला सांगितलं तर "कसलं ऑपरेशन?" हा प्रश्न आलाच. म्हणून रात्री मोबाइलवर शोधलं. फेसबुकवर एक जाहिरात सापडली : आया, बाळंतीण-बाई, पेशंट केअर; जळगाव, भुसावळ, धुळे; चोवीस तास राहणारी बाई, पोलीस व्हेरिफाइड.

फोन एका बाईने उचलला. आवाज इतका मऊ की काय सांगू. तिने पहिलंच विचारलं, "मॅडम, ऑपरेशनची तारीख काय?" मूल केवढं, पगार किती देणार, हे सगळं नंतर. तेव्हा मला ती काळजी वाटली. माझ्याकडे किती दिवस उरलेत आणि मी किती अडलेली आहे, हे तिने एका प्रश्नात मोजून घेतलं होतं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर कागद यायला लागले. शॉप अ‍ॅक्टचा कागद, उद्यमचा (लघुउद्योग नोंदणीचा) दाखला, करारनामा. शॉप अ‍ॅक्टचा तो कागद मी रोज बघते हो! थोडीच माणसं कामाला असली तर धंदा सुरू केल्याची नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्याची ती पावती. ऑफिस खरंच आहे का, माणूस कसा आहे, हे त्यातून काहीच कळत नाही. कर्जाच्या फाइलीत असा कागद आला तर मी दुकानाचा फोटो मागते. इथे नाही मागितला.

नोंदणीचे १,४९९. मग "पोलीस व्हेरिफिकेशन"चे २,२००. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र बाईने स्वतः अर्ज करून मिळतं, आणि आपल्याकडे कामाला ठेवलेल्या बाईची माहिती आपण आपल्या पोलीस ठाण्यात देऊ शकतो. कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे टाकून व्हेरिफिकेशन होत नाही. पहिले पैसे एका किराणा दुकानाच्या नावाच्या क्यूआरवर गेले, दुसरे भलत्याच माणसाच्या नावावर. मी विचारलं. "मॅडम, आमच्या खात्याची आजची लिमिट संपली, हे आमचे अकाउंटंट." पतसंस्थेतली बाई मी, आणि मी म्हटलं, बरं.

खरी मी फसले ती व्हिडिओ कॉलवर. चोपडा तालुक्यातल्या एका गावातली पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, मागे चुलीने काळवंडलेली भिंत. पढवलेलं काही बोलत नव्हती. तिने मला विचारलं, "पोरगं वरणभात खाते का, का दुधावरच आहे अजून?" आणि, "रात्री उठते का?" तेवढ्याने माझा जीव भांड्यात पडला. त्यांच्या आधार कार्डाची प्रतही आली. त्याच संध्याकाळी एका महिन्याचा पगार आगाऊ, १३,००० पाठवले. बाईला घरी देऊन निघायचंय म्हणे.

बुधवारी बाई यायची होती, गुरुवारी मी अ‍ॅडमिट होणार, शुक्रवारी ऑपरेशन. बुधवारी सकाळी "एसटी चुकली, दुपारी येते." दुपारी "उद्या येते, नक्की." गुरुवारी आम्ही नाशिकच्या गाडीत बसलो तेव्हा मुलं शेजारच्या काकूंकडे दोन दिवसांसाठी ठेवलेली. हॉस्पिटलात कपडे बदलत होते तेव्हा फोन : बाईचे सासरे वारले. दुसरी, ट्रेनिंग घेतलेली बाई नाशिकहून पाठवतो, पगारातला फरक आणि भाडं मिळून ५,८००. हाताला सलाइनची सुई, सकाळी सातला ऑपरेशन, परत फिरायची सोय नाही. टाकले.

ती दुसरी बाई या पृथ्वीतलावर आहे की नाही, देव जाणे.

शनिवारी रात्री मला भूल आणि पेनकिलरच्या गुंगीत मेसेज वाचून दाखवत होते हे. सोमवारी पैसे परत मागितले. उत्तर आलं, रिफंड मंजूर आहे, पण अठरा टक्के जीएसटीचे ४,०५० आधी भरा, म्हणजे रक्कम सुटेल. तिथे मात्र माझ्यातली काउंटरवाली जागी झाली. परत द्यायच्या पैशावर आपणच आधी कर भरायचा, असा कुठलाच हिशोब नसतो. भरणार नाही, तक्रार करते म्हटलं.

त्यावर त्या मऊ आवाजाच्या बाईने लिहिलं : "मॅडम, तुमचे हॉस्पिटलचे पेपर आमच्याकडे आहेत. सासरी हर्निया सांगितलंय ना?"

ते मीच बोलले होते. "बाईला सांगून ठेवा, घरी कुणी विचारलं तर हर्निया म्हणायचं," असं मीच त्यांना सांगितलं होतं. "पेशंट केअरच्या तयारीसाठी" म्हणून मागितल्यावर ऑपरेशनचं नाव लिहिलेला कागद मीच पाठवला होता. फॉर्मवर सासरचं गाव, ह्यांचा नंबर, सगळं भरलेलं. आणि त्या एका वाक्यामुळे मी सहा दिवस गप्प बसले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन नाही, ऑनलाइन तक्रार नाही. काउंटरवर मी लोकांना सांगते की पहिल्या तास-दोन तासांत फोन करा, पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतो. माझा पैसा सहा दिवसांत कुठल्या कुठे गेला. नंतर तक्रार केली तेव्हा एका खात्यात १,१४० रुपये होल्ड झाल्याचं कळलं. ते तरी कधी सुटतात ते बघायचं.

घरातले ते दिवस थोडक्यात सांगते, कारण आठवले तरी नको होतं. ह्यांची चटईच्या कारखान्यात शिफ्ट, सुट्टी पाच दिवसांची. सहाव्या दिवशी मी खुर्चीत गुडघे वर करून बसलेले, धाकटा सोफ्याच्या पाठीवर चढला आणि तोल गेला. मी उठून त्याला धरलं. आई उठणारच. दोन दिवसांनी पोट डाव्या बाजूला फुगलं, आत पाणी साठलं होतं. सर्जनने सुईने काढलं, तीन वेळा, दर वेळी अडीचशे किलोमीटर नाशिक, पोटावर उशी धरून. "ते असंही होऊ शकतं, मुलाला धरल्यामुळेच झालं असं नाही," डॉक्टर म्हणाले. असेल. मला तो सोफाच दिसतो.

दुसऱ्या खेपेनंतर मी सासूबाईंना फोन केला आणि खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने, कळण्याचं पीठ आणि ठेचा घेऊन त्या हजर. ड्रेसिंग बदलताना बघितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माले सांगाले काय व्हयनं व्हतं?" आणि ड्रेनच्या नळीला धक्का लागणार नाही अशी चादर लावून दिली. संध्याकाळपर्यंत त्यांनी गल्लीतली एक विधवा बाई ठरवली होती, दिवसाचे तीनशे, संध्याकाळी हातात. कसलं ऑपरेशन हे तिने आजतागायत विचारलेलं नाही.

आता ज्या बायका असं ऑपरेशन करायचं ठरवताहेत, त्यांच्यासाठी माझं म्हणणं. मुलं सांभाळायची सोय झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. तारीख आधी घेतली की फसवणाऱ्याला तीच दोरी सापडते. बाई ऑपरेशनच्या किमान पंधरा दिवस आधी घरात यायला हवी, तुम्ही धडधाकट असताना. मूल तिच्याकडे जातं का, ती चिडते का, तेव्हाच कळतं. ब्युरोमार्फत घेणार असाल तर ऑफिसात स्वतः जा, आणि ती आधी ज्या दोन घरांत राहिली तिथे फोन करा. ब्युरोने दिलेल्या नंबरवर नाही, बाईकडून नंबर घेऊन. काम केल्यावर पैसे बाईच्या हातात. प्रत्येक वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर पैसे मागितले की तिथेच थांबा. हॉस्पिटलचा कुठलाही कागद कुणाला पाठवू नका, आयाला ऑपरेशनचं नाव कळायची गरज नसते. आणि फसलात तर त्यांना ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यांनी त्यांचे शेवटचे मेसेज, तो हर्नियाचा धरून, दोन्हीकडून डिलीट केले. माझ्याकडे राहिलं ते फक्त ह्यांनी त्या रात्री काढलेल्या स्क्रीनशॉटमुळे. तक्रारीत प्रत्येक व्यवहाराचा यूपीआयचा बारा आकडी नंबर लागतो, तो आधीच वहीत उतरवून ठेवा.

ती धमकी पुढे काही खरी झाली नाही. सासूबाईंना कळल्यावर त्यात राहिलंच काय होतं? नणंदेला कळलं, तिने दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी खर्च विचारला.

मार्चमध्ये हे एका मित्राला घेऊन, आधारवरचा पत्ता शोधत, विदगावचा पूल ओलांडून त्या गावात गेले. बाई खरंच तिथे होत्या. आम्हाला वाटलं होतं टोळीतल्या असतील, हे दोन शब्द सुनवायच्या तयारीने गेले होते. बाईंनी ह्यांना बघून विचारलं, "मॅडमचं ऑपरेशन झालं का? मला फोनच नाही आला." जाहिरात बघून त्यांनीही नोंदणीचे ५०० भरले होते. कॉलवर त्या मला कामासाठी मुलाखत देत होत्या, अगदी खरी. सासरे दहा वर्षांपूर्वीच वारलेत. बुधवारी त्या पिशवी भरून सकाळपासून एसटीच्या फाट्यावर उभ्या होत्या, पत्ता आणि गाडीभाडं येईल म्हणून.

त्यांच्या आधारची प्रत अजून किती घरी फिरतेय कोण जाणे. त्यांनाही तक्रार करायला सांगितलंय, पण पैसे भाच्याच्या मोबाइलवरून गेले होते आणि भाचा कामाला सुरतेत असतो. तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी येईल, तेव्हा त्याच्या फोनमधून स्टेटमेंट काढून मीच त्यांचा अर्ज भरून देणार आहे.